ऑटोव्हॅक्यूम येतं आणि रिकाम्या हाताने परत जातं

दर महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आमचा डेटाबेस बसायचा. पडायचा नाही, नुसता बसायचा. एरवी चुटकीसरशी उघडणारं बिल उघडायला अर्धं मिनिट लागायचं, पावती निघता निघायची नाही आणि मुलुंडच्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर तापलेले असायचे: "अहो, मेंटेनन्सचं बिल दिसत नाहीये!" बिल मेंटेनन्सचं आणि दुखणंही मेंटेनन्सचंच, हे मात्र आम्हाला कळायला जवळजवळ वर्ष लागलं.

आमचं काम हाउसिंग सोसायट्यांच्या बिलिंगचं. ऑफिस अंधेरी पूर्वेला, गिऱ्हाइकं दहिसरपासून चेंबूरपर्यंत, सगळे मिळून साधारण तीन लाख फ्लॅट. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १५. या लेखात कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

या दुखण्यावर आमच्याकडे एकच उतारा होता, रीस्टार्ट. ऑपरेशन्सच्या मुलाने त्याची स्क्रिप्टच करून ठेवली होती. ती चालवली की पंधरा-वीस मिनिटांत सगळं सुरळीत व्हायचं. काम होतंय म्हटल्यावर खोलात कोण जाणार? मीही गेलो नाही. रीस्टार्टने बरं वाटतं हाच सगळ्यात मोठा पुरावा होता, आणि नेमका तोच आम्ही दर महिन्याला स्वतःच्या हाताने पुसून टाकत होतो.

आधी रद्दीचं गणित

पोस्टग्रेसमध्ये रो (टेबलातली एक ओळ) अपडेट केली की जुनी रो जागच्या जागी खोडली जात नाही. नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी तशीच पडून राहते, कारण त्या क्षणी दुसरं कोणीतरी ती वाचत असू शकतं. डिलीटचंही तेच. ही पडून राहिलेली प्रत म्हणजे डेड रो, आणि ती उचलणारा रद्दीवाला म्हणजे ऑटोव्हॅक्यूम. २००५ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीपासून तो डेटाबेसच्या आतच राहतो, ८.३ पासून तर मुळातच चालू असतो. त्याचा लाँचर दर मिनिटाला डोकं वर काढतो, कुठल्या टेबलात पुरेशी रद्दी साठली आहे ते बघतो आणि तिकडे वर्कर पाठवतो. वर्कर मुळात, म्हणजे सेटिंगला हात लावला नसेल तर, तीनच.

आता रद्दीवाला दारात उभा आहे आणि आतून आजोबा ओरडले, "परवाचा पेपर अजून वाचून व्हायचाय, हात लावू नका!" घरी असेल तर तो एक पेपर बाजूला ठेवून बाकीचे न्यायला हरकत नसते. इथला नियम फार कडक आहे. परवाच्या पेपरवर हात ठेवला की परवापासून आजपर्यंतची सगळी रद्दी अडते. आजोबांनी ज्या टेबलाकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही त्याचीसुद्धा. सगळ्यात जुन्या चालू स्नॅपशॉटच्या (वाचणाऱ्याने धरून ठेवलेल्या एका क्षणाच्या चित्राच्या) नंतर मेलेली एकही रो त्या डेटाबेसमधल्या कुठल्याच टेबलातून काढता येत नाही. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं अर्धं निदान आपोआप होतं.

'ऑटोव्हॅक्यूम चालत नाही' अशी तक्रार जो तो करतो, पण त्या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. एक, तो येतच नाही. दोन, येतो पण अर्ध्यातून हाकलला जातो, किंवा इतका रेंगाळतो की संपतच नाही. तीन, येतो, सगळं घर फिरतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. औषध प्रत्येकाचं वेगळं आहे आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर बिघडतं. आमच्याकडे तिन्ही होती, तीन वेगळ्या टेबलांवर.

ती ओळखायला पहिली पाटी एकच: पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स. त्यात एन_डेड_टप, एन_लाइव्ह_टप, लास्ट_ऑटोव्हॅक्यूम आणि ऑटोव्हॅक्यूम_काउंट हे चार रकाने बघा, आणि एकदाच बघू नका. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा बघा. शेवटची वेळ जुनी आणि डेड रो वाढत चाललेल्या, म्हणजे तो येत नाही. शेवटची वेळ आत्ताची, काउंट दर दोन मिनिटांनी वाढतोय आणि डेड रो मात्र हलत नाहीत, म्हणजे हात रिकामे. आणि पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_व्हॅक्यूममध्ये तेच टेबल सकाळीही दिसतंय, दुपारीही दिसतंय, म्हणजे रेंगाळतोय. ऑटोव्हॅक्यूम आणि ट्रॅक_काउंट्स ही दोन सेटिंग चालू आहेत ना, आणि कोणे एके काळी मोठा डेटा भरताना कोणी त्या टेबलापुरतं ऑटोव्हॅक्यूम बंद करून विसरून तर गेलं नाही ना, हेही याच बैठकीत बघून टाका. दुसरी गोष्ट पीजी_क्लासच्या रेलऑप्शन्स रकान्यात दिसते.

पावसाने दिलेला पुरावा

आमचं पहिलं टेबल म्हणजे 'बाकी'. फ्लॅटमागे एक रो, एकूण तीन लाख. एक तारखेच्या रात्री बिलं बनतात तेव्हा सेवा शुल्क, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पाणीपट्टी, पार्किंग असे बारा हेड एकेक करून चढतात, आणि प्रत्येक हेडला ती रो अपडेट होते. म्हणजे एका फेरीत ३६ लाख जुन्या प्रती. शिवाय कोणत्या तरी सोसायटीचा दर चुकलेला असतोच, म्हणून फेरी दोनदा-तीनदा होते. कोड असा लिहायला नको होता, बारा हेडची बेरीज करून एकदाच अपडेट करायला हवं होतं, हे मान्य. पण पोस्टग्रेसला एवढं झेपायला हवं. या टेबलाची ऑटोव्हॅक्यूमची मर्यादा मुळातल्या हिशेबाने, म्हणजे ५० अधिक रोंच्या २० टक्के, ६०,०५० भरते. तेवढ्या डेड रो साठायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे रद्दीवाला येणार हे नक्की होतं.

जुलैत एक तारखेला दुपारी पाऊस असा कोसळला की पाच-साडेपाचला ऑफिस रिकामं झालं. जो तो स्टेशन गाठायला धावला, आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे ठप्प. ऑफिसला कोणी नाही, मी घरून कामाला. डेटाबेस ठरल्याप्रमाणे बसला. ऑपरेशन्सच्या मुलाचा फोन आला, "सर, रीस्टार्ट मारू का?" म्हटलं, "थांब रे जरा. आज तसंही कोण बिलं भरायला बसलंय?" खरं कारण एवढंच होतं की घरी अडकलेलो असल्यामुळे मला बघायला वेळ होता.

पाटीवर आकडे असे होते: लाइव्ह रो तीन लाख, डेड रो एक कोटी आठ लाखांच्या आसपास. शेवटचं ऑटोव्हॅक्यूम दोन मिनिटांपूर्वी, काउंट सतत वाढता. बारा हेड, तीन फेऱ्या, तीन लाख फ्लॅट, गुणाकार करून बघा. एकही डेड रो उचलली गेली नव्हती. एका फ्लॅटची बाकी काढायला डेटाबेस छत्तीस शिळ्या प्रती चाळत होता, आणि वर ऑटोव्हॅक्यूम दर फेरीला तेच दोन जीबीचं टेबल पुन्हापुन्हा वाचून डिस्कला घाम फोडत होतं. हाताने व्हॅक्यूम व्हर्बोज (हीच सफाई करून तपशील सांगणारी कमांड) चालवलं तर त्याने स्पष्टच सांगितलं: एवढ्या रो मेलेल्या आहेत पण अजून काढता येत नाहीत, आणि काढण्याची सीमारेषा इतके लाख ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले व्यवहार) जुनी आहे. व्हर्बोजच्या गर्दीत या दोन ओळी शोधा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

म्हणजे कोणीतरी पेपरवर हात ठेवून बसलं होतं. संशयित फक्त चार असतात आणि चारही तपासायचे, पहिला सापडला म्हणून थांबायचं नाही.

पहिला, लांबलेलं ट्रान्झॅक्शन. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू सेशनच्या यादीत बॅकएंड_एक्सिड (सेशनचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन क्रमांक) आणि बॅकएंड_एक्समिन (त्याने धरून ठेवलेली सीमारेषा) यांचं वय एज फंक्शनने काढा आणि सगळ्यात म्हातारं वर येईल असं लावा. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबतो. स्टेट रकान्यात 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं की लोक त्याच्यावरच तुटून पडतात. पण नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर नुसतं सिलेक्ट करून गप्प बसलेलं सेशन व्हॅक्यूमला अडवत नाही. दोन स्टेटमेंटच्या मधल्या वेळात त्याचा स्नॅपशॉट सुटलेला असतो. त्याने काही लिहिलं असेल, ते रिपीटेबल रीडमध्ये (ट्रान्झॅक्शनभर एकच स्नॅपशॉट धरणाऱ्या पातळीवर) असेल, किंवा त्याचा कर्सर (निकाल थोडा थोडा आणायची सोय) उघडा असेल, तरच ते अडवतं. म्हणून स्टेट बघून आरोपी ठरवू नका, एक्सिड आणि एक्समिन बघून ठरवा. रात्री बॅकअप घेणारा पीजी_डम्पसुद्धा रिपीटेबल रीडमध्येच चालतो. तो सहा तास चालत असेल तर ते सहा तास रद्दी हलणार नाही.

दुसरा, टू-फेज कमिटसाठी (दोन टप्प्यांत पक्कं करण्यासाठी) तयार करून सोडून दिलेलं ट्रान्झॅक्शन. हे पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्समध्ये असतं. याला कनेक्शनच नसतं, त्यामुळे ॲक्टिव्हिटीत ते दिसत नाही आणि सर्व्हर रीस्टार्ट करूनही जात नाही. तिसरा, रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे स्टँडबायसारख्या, डेटाची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरसाठी राखलेली नोंद. मागच्या वर्षी बंद केलेल्या स्टँडबायचा स्लॉट तसाच राहिला असेल तर पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समधल्या एक्समिन रकान्यावर त्याची सही असू शकते. लॉजिकल स्लॉट असेल तर तो कॅटलॉग_एक्समिन धरून बसतो, म्हणजे तुमची टेबलं सुटतात पण सिस्टिम कॅटलॉग (डेटाबेसची स्वतःची टेबलं) फुगतात. शिवाय डब्ल्यूएएल (बदलांची नोंदवही) साठत जातं ते वेगळंच. चौथा, स्टँडबायवर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (तिथल्या वाचकांची सीमारेषा मुख्य सर्व्हरला कळवणारं सेटिंग) चालू आणि तिथे कोणाचं तरी भलंमोठं रिपोर्ट चालू. ते पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनच्या बॅकएंड_एक्समिनमध्ये दिसतं.

आमच्याकडे पहिलाच निघाला. एक्सॅक्ट_स्टार्ट रकान्यात वेळ होती आदल्या दिवशीची, संध्याकाळी ५:०८. पावसाने ऑफिस रिकामं व्हायच्या अगदी जरा आधीची. यूजर अकाउंट्सचा. तिथल्या मॅडमना वसईला फोन लावला.

"मॅडम, काल निघताना ती थकबाकीदारांची यादी बंद केली होती का?"

"अहो, बंद कशाला करू? सकाळी पुन्हा तीच लागते ना. स्क्रीन बंद केला आणि पळाले. बिघडलं का काही?"

मॅडमची काहीच चूक नव्हती. त्यांच्या पीसीवर ते डेस्कटॉप टूल मीच बसवून दिलं होतं, चार वर्षांपूर्वी. वाचण्यापुरता वेगळा यूजर तेव्हा नव्हता, म्हणून चुकून काही बदललं तर परत फिरवता यावं या काळजीपोटी ऑटो-कमिटही (प्रत्येक कमांड आपोआप पक्की होण्याची सोय) मीच बंद केलं होतं. आणि ऑटो-कमिट बंद असताना ही जावा ड्रायव्हरवर चालणारी टूलं पहिल्या दोनशे ओळी दाखवून बाकीच्यांसाठी कर्सर उघडा ठेवतात. खालपर्यंत स्क्रोल केलं नाही तर तो उघडाच राहतो. थकबाकीदारांची यादी खालपर्यंत कोण बघतं? वीज गेली नव्हती, पीसी चालू, लाइन चालू, स्नॅपशॉट जिवंत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मॅडमना ही यादी रोज लागते, आणि बिलंही तेव्हाच बनतात. रीस्टार्टने व्हायचं एवढंच, की त्यांचं कनेक्शन तुटायचं, स्नॅपशॉट सुटायचा आणि रद्दी उचलायची वाट मोकळी व्हायची. श्रेय मात्र वर्षभर रीस्टार्टने घेतलं.

असं सेशन सापडलं तर पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालवून उपयोग नाही. तिथे कुठली क्वेरी चालूच नसते, मग रद्द काय करणार? पीजी_टर्मिनेट_बॅकएंडच लागतं. मी ते चालवल्यावर दीड-दोन मिनिटांत डेड रो शून्याजवळ आल्या. फाइल मात्र दोन जीबीचीच राहिली, त्याबद्दल पुढे.

उपायानेच केलेलं दुखणं

दुसरं टेबल 'लेजर'. चार कोटी रो, बँकेशी जुळवणी करताना यात खुणा बदलतात. इथे लॉगमध्ये वेगळंच वाक्य सापडलं: ऑटोव्हॅक्यूम टास्क रद्द करत आहे. एकदा नाही, दिवसातून पंचवीस-तीसदा.

ऑटोव्हॅक्यूम हा फार भिडस्त प्राणी आहे. तो ज्या टेबलावर काम करतोय त्यावर दुसऱ्या कोणाला अडणारं लॉक हवं असेल तर डेडलॉक_टाइमआउटएवढा, म्हणजे मुळात एक सेकंद, वेळ जातो आणि मग ऑटोव्हॅक्यूमलाच उठवलं जातं. साध्या इन्सर्ट, अपडेट, सिलेक्टने असं होत नाही. ऑल्टर टेबल, क्रिएट इंडेक्स यांनी होतं. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, पण हाताने चालवलेल्या ॲनलाइझनेही (टेबलाची आकडेवारी गोळा करणाऱ्या कमांडनेही) होतं, कारण व्हॅक्यूम आणि ॲनलाइझ दोघांना एकाच जातीचं लॉक लागतं आणि ते एकमेकांना चालत नाही.

आमच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) दर पंधरा मिनिटांनी लेजरवर ॲनलाइझ होतं. कधीकाळी एका रिपोर्टचा प्लॅन बिघडला होता, तेव्हा कोणीतरी घाईत घातलं आणि 'चालतंय ना' म्हणून तसंच राहिलं. लेजरच्या व्हॅक्यूमला लागायची चाळीस मिनिटं. पंधराव्या मिनिटाला ॲनलाइझ यायचं, सेकंदाभरात व्हॅक्यूम बाहेर. ते पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा बाहेर. ज्याने ती क्रॉनची ओळ टाकली तो आता दुसऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे त्याच्या नावाने बोटं मोडायला आम्ही मोकळे.

क्रॉन काढला. पण चाळीस मिनिटं हीसुद्धा जास्तच होती, आणि तिचं कारण आणखी जुनं निघालं. ऑटोव्हॅक्यूम डिस्कवर भार पडू नये म्हणून मुद्दाम थबकत थबकत चालतं. कामाचे गुण मोजले जातात आणि २०० गुण झाले की ते डुलकी काढतं. ही डुलकी आवृत्ती १२ पासून २ मिलिसेकंदांची आहे, त्याआधी २० ची होती. एक पान बदलून लिहायचे गुण २०, म्हणजे डुलकीमागे १० पानं, पान ८ केबीचं. २ मिलिसेकंदांच्या हिशेबाने जास्तीत जास्त सेकंदाला साधारण ४० एमबी पडतात, २० च्या हिशेबाने ४ एमबी. आम्ही ११ वरून १५ वर गेलो तेव्हा जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलून नेली होती आणि त्यात २० लिहिलेले होते. नवं घर घेतलं आणि गंजलेला नळ जुन्या घरातून काढून आणून बसवला, असला प्रकार.

अशा वेळी सगळ्यांना सुचतं ते ऑटोव्हॅक्यूम_मॅक्स_वर्कर्स वाढवणं. आम्हीही तीनचे सहा केले होते आणि काही फरक पडला नव्हता. पडणारच नव्हता, कारण ते २०० गुण सगळ्या चालू वर्करमध्ये वाटले जातात. माणसं दुप्पट, पगार तेवढाच. घाई हवी असेल तर कॉस्ट_लिमिट वाढवा. त्याला रीलोड (कॉन्फिग पुन्हा वाचायला लावणं) पुरतं, मॅक्स_वर्कर्सला १७ पर्यंतच्या आवृत्त्यांत रीस्टार्ट लागतो. आम्ही डिले २ वर आणला, लिमिट १००० केलं, वर्कर पुन्हा तीन. लेजर आता दहा मिनिटांच्या आत संपतं.

मोठ्या टेबलांचे इंडेक्स (शोधसूची) अनेक असतील तर लॉगमधला इंडेक्स स्कॅनचा आकडाही बघा. व्हॅक्यूम डेड रोंचे पत्ते मेमरीत गोळा करतं, मेमरी भरली की सगळे इंडेक्स चाळतं आणि मग उरलेलं टेबल. मेंटेनन्स_वर्क_मेम मुळातल्या ६४ एमबीवर असेल तर १६ पर्यंतच्या आवृत्त्यांत पत्त्यामागे ६ बाइट धरून एका फेरीत सव्वा कोटीच्या आतच पत्ते मावतात. आकडा एकपेक्षा जास्त दिसला तर ऑटोव्हॅक्यूम_वर्क_मेम वाढवा. पण ते प्रत्येक वर्करला वेगळं मिळतं, हे गणित आधी करा.

ज्या टेबलाची आठवणच पुसली जायची

तिसरं होतं 'मेसेज', म्हणजे सभासदांना जाणारे एसएमएस. दोन कोटी रो. इथे लास्ट_ऑटोव्हॅक्यूम आणि लास्ट_ऑटोॲनलाइझ दोन्ही रकाने कोरे. कधी आलंच नाही? कुठे किती रद्दी आहे हे ऑटोव्हॅक्यूम टेबल बघून ठरवत नाही, आकडेवारीच्या मोजणीवरून ठरवतं. आणि सर्व्हर क्रॅश झाला किंवा इमिजिएट पद्धतीने बंद केला तर पुढच्या सुरुवातीला ती मोजणी टाकून दिली जाते. सगळं शून्यावर.

आमची ती स्क्रिप्ट उघडून बघितली. स्टॉप इमिजिएट. "नाहीतर अडकून बसतं सर," मुलगा म्हणाला. दोन कोटींच्या टेबलाला व्हॅक्यूमची मर्यादा ४० लाख, ॲनलाइझची २० लाख. मेसेजमध्ये नव्या आणि बदललेल्या रो मिळून महिन्याला पंधरा लाखांच्या आत. आणि दर महिन्याला आम्ही घड्याळ शून्यावर आणत होतो. मर्यादा गाठली जाणार कधी?

यावर औषध सोपं आहे. इमिजिएट सोडून फास्ट वापरा. तो सेशन तोडतो पण नीट आवराआवर करून बंद होतो. आणि खरोखरच क्रॅश झाला असेल तर वर आल्यावर पूर्ण डेटाबेसवर एकदा ॲनलाइझ चालवा, म्हणजे डेड रोंचा अंदाज पुन्हा भरला जातो. मोठ्या टेबलांना २० टक्क्यांची मुळातली मर्यादा फार सैल आहे, हे तर आहेच. लेजर आणि मेसेज दोघांना आम्ही टेबलापुरतं स्केल_फॅक्टर (त्या टक्केवारीचं सेटिंग) ०.०१, म्हणजे १ टक्का, केलं. चार कोटींवर मर्यादा ८० लाखांवरून ४ लाखांवर आली. सगळ्या सर्व्हरसाठी ते बदलू नका, छोट्या टेबलांना २० टक्के ठीक असतात. १८ व्या आवृत्तीत या मर्यादेला १० कोटींचं एक वरचं टोकही आलं आहे, पण आपल्या आकाराला ते काही कामाचं नाही.

रॅपअराउंड दिसलं तर

ॲक्टिव्हिटीत ऑटोव्हॅक्यूमच्या पुढे 'टू प्रिव्हेंट रॅपअराउंड' दिसलं की मुलं घाबरून ते मारायला जातात. मारू नका. ट्रान्झॅक्शनचे क्रमांक ३२ बिटांचे असतात आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून फिरतात, हेच रॅपअराउंड. त्यामुळे मागे बघता येतं ते सुमारे २१४ कोटींपर्यंतच. एखाद्या टेबलाचं वय, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या क्रमांकापासूनचं अंतर, २० कोटी झालं की ऑटोव्हॅक्यूम सक्तीने येतं, बंद केलेलं असलं तरी येतं, आणि तेव्हा ते भिडस्त राहत नाही, कोणी लॉक मागितलं तरी उठत नाही. आमच्या लेजरवर असं एकदा झालं होतं तेव्हा त्या पंधरा मिनिटांच्या ॲनलाइझची रांग लागली होती. आता लक्षात येतं की सहा महिने हाकललेला पाहुणा शेवटी पोलीस घेऊन आला होता. २० कोटी आणि २१४ कोटी यांत भरपूर अंतर आहे, धीर धरा आणि त्याला संपू द्या. अडवणारं कोणी आहे का, तेवढे ते चार संशयित पुन्हा बघा. दुर्लक्षच झालं तर १४ पासूनच्या आवृत्त्यांत ४ कोटी क्रमांक उरल्यावर इशारे सुरू होतात आणि ३० लाख उरल्यावर नवे लिहिण्याचे ट्रान्झॅक्शन बंद.

फुगलेली फाइल

व्हॅक्यूम जागा मोकळी करतं ती टेबलाच्या आत, पुन्हा वापरण्यासाठी. शेवटची पानं पूर्ण रिकामी असतील तरच फाइल आखडते. दोन जीबीचं 'बाकी' पुन्हा शंभर एमबीच्या आत आणायचं तर व्हॅक्यूम फुल, आणि तो मेगाब्लॉक आहे: टेबल पूर्ण बंद, साधं सिलेक्टही चालत नाही, आणि नवी प्रत तयार होईपर्यंत तेवढी जास्तीची डिस्क लागते. तीन लाख रोंना काही सेकंदच लागतात, म्हणून आम्ही रविवारी पहाटे केलं. लेजरवर हे करण्याचा विचारही करू नये. तिथे पीजी_रीपॅक वापरता येतं, ते बहुतेक काम टेबल चालू ठेवून करतं. पण अंदाजे वीस-तीस टक्के फुगवटा असेल तर हात लावू नका, ती जागा पुढच्या महिन्यात वापरलीच जाणार आहे.

'बाकी'वर त्याच वेळी अजून दोन गोष्टी केल्या. फिलफॅक्टर ८० केला, म्हणजे प्रत्येक पानात नव्या प्रतीला जागा राहते आणि इंडेक्सला न शिवता अपडेट होतं. पण बदलणाऱ्या रकान्यावरच इंडेक्स असेल तर हा फायदा मिळत नाही, आणि आमच्या थकबाकीच्या रकमेवर इंडेक्स होता, मॅडमच्या यादीसाठी बनवलेला. तो काढला. यादी आता तीन सेकंद उशिरा येते. फिलफॅक्टर बदलताना क्रम लक्षात ठेवा: आधी ऑल्टर, मग व्हॅक्यूम फुल, नाहीतर जुनी पानं ठासून भरलेलीच राहतात.

मॅडमना वाचण्यापुरता यूजर दिला, ऑटो-कमिट चालू केलं आणि त्या यूजरवर आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट १५ मिनिटांचा लावला. लॉग_ऑटोव्हॅक्यूम_मिन_ड्युरेशन महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत शून्यावर ठेवतो, म्हणजे प्रत्येक फेरीची नोंद लॉगमध्ये येते. एरवी दहा मिनिटं, जे १५ पासून मुळातलंच आहे. जुन्या फाइलमुळे आमच्याकडे तेही बंद होतं.

एप्रिलपासून लेजर आर्थिक वर्षाप्रमाणे पार्टिशन करतोय. त्यात एक मेख आहे. ऑटोव्हॅक्यूम पार्टिशनना भेट देतं, पण वरच्या मूळ टेबलाचं ॲनलाइझ ते करत नाही, ते आपणच करायचं असतं. म्हणजे लेजरवरचा ॲनलाइझ क्रॉनमध्ये परत येणार, आणि १५ व्या आवृत्तीत तो खालच्या प्रत्येक पार्टिशनलाही हात लावणार. फक्त मूळ टेबलापुरतं ॲनलाइझ करायची सोय १८ मध्ये आहे. तोपर्यंत रात्री साडेतीनला एकदाच, आणि ऑपरेशन्सच्या मुलाने त्या ओळीच्या वर कॉमेंट टाकली आहे: 'पंधरा मिनिटांनी करू नये. सरांना विचारून.'